रिपोर्टमधला ‘व्हेरियंट’ कुणाचा, आजाराचा की माणसाचा?

सोलापुरातून ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, उपचारांसाठी निघालेली फाईल बार्शी, पुणे, मुंबई करत परत येते तेव्हा तिची जाडी दुप्पट झालेली असते. त्यातले सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, कागद घरच्यांना एव्हाना पाठ असतात. हिमोग्लोबिन किती, डब्ल्यूबीसी किती, प्लेटलेट काल किती होत्या आणि आज किती, हे आजीसुद्धा धडाधड सांगते. गाडी अडते ती पुढच्या कागदांवर. ‘एमपीओ पॉझिटिव्ह’, ‘बीसीआर-एबीएल डिटेक्टेड’, ‘टी३१५आय म्युटेशन’, ‘एनयूडीटी१५ व्हेरियंट, हेटरोझायगस’. ओळखीतले लोक असल्या कागदांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि खाली बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: हे धाकट्यालाही होणार का?

वर लिहिलेल्या प्रत्येक नावामागे एक एन्झाइम आहे. पण या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कागदाला वेगळं मिळतं, कारण काही बदल फक्त आजारी पेशींत झालेले असतात आणि काही त्या माणसात जन्मापासूनच असतात. दोन्हींना रिपोर्टात ‘व्हेरियंट’ किंवा ‘म्युटेशन’च लिहितात, आणि गोंधळ तिथेच होतो.

## आधी एन्झाइम म्हणजे काय ते

शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी, त्यांचा वेग वाढवणारी प्रथिनं म्हणजे एन्झाइम्स. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. जेवण पचवणारी एन्झाइम्स आपल्याला ऐकून माहीत असतात, पण प्रत्येक पेशीच्या आत अशी शेकडो कामं करणारी वेगवेगळी एन्झाइम्स असतात. पांढऱ्या पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजे एमपीओ, जंतू मारण्यासाठी हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. पाणी शुद्ध करायला टाकलेल्या क्लोरीनमधून जंतू मारण्याचं काम करतं तेच हे रसायन. या एन्झाइमचा रंग मुळात हिरवट असतो. पिकलेल्या जखमेतल्या पुवाला जी हिरवी झाक दिसते ती बऱ्याच अंशी त्याचीच.

एन्झाइम कसं बनवायचं याचा मजकूर जनुकात असतो. हे समजायला सोलापूरकरांना फार लांब जायला नको. चादरीच्या मागावरची जॅकार्डची पंच केलेली कार्डं आठवा. कार्डाला छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि त्यातून मोर किंवा फूल किंवा काठावरचं कारखान्याचं नाव विणलं जातं. आता समजा, एक छिद्र चुकलं. ते मूळ संचातच चुकलं असेल, तर त्यावरून नकललेल्या सगळ्या मागांवर तीच चूक उतरणार. मूळ संच बरोबर होता, पण वर्षानुवर्षं चालून एकाच मागावरचं कार्ड फाटलं असेल, तर त्या एका मागाच्या चादरी बिघडतील, शेजारचे माग नीट चालू राहतील.

आईवडिलांकडून आलेला बदल हा मूळ संचातला. तो रक्तात, कातडीत, यकृतात, सगळीकडे सापडतो. ल्युकेमियाला कारण ठरणारा बदल बहुतेक वेळा एका मागावरचा असतो: बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी बनवणाऱ्या मगजातल्या, एका पेशीत तो आयुष्यात कधीतरी झाला आणि तिच्यापासून वाढलेल्या पेशींत उतरत गेला.

## पेशी कोणत्या घराण्यातली?

एन्झाइमचा सगळ्यात जुना उपयोग पेशी ओळखण्याचा. ल्युकेमियात रक्तात ‘ब्लास्ट’ दिसतात, म्हणजे पूर्ण वाढ न झालेल्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुष्कळदा एकसारख्या दिसतात. पण मायलॉइड आणि लिम्फॉइड या रक्तपेशींच्या दोन मुख्य घराण्यांपैकी त्या कोणत्या घराण्यातल्या आहेत, यावर सगळे उपचार ठरतात. एमपीओचा रंग चढवून पाहिला आणि तीन टक्के किंवा त्याहून जास्त ब्लास्टनी तो घेतला, तर मायलॉइड, असा नियम १९७६च्या वर्गीकरणापासून रूढ झाला. टीडीटी नावाचं एन्झाइम सापडलं तर संशय लिम्फॉइडकडे वळतो.

याच काळात एकाच एन्झाइमच्या वेगवेगळ्या रूपांवरही पुष्कळ काम झालं. काम तेच, पण रचना थोडी निराळी, अशा रूपांना आयसोएन्झाइम म्हणतात. एलडीएच या नेहमीच्या एन्झाइमची अशी पाच रूपं आहेत. पांढऱ्या पेशींतल्या अॅसिड फॉस्फटेजचा अर्क जेलवर ठेवून त्यातून वीज सोडली की त्याचे वेगवेगळे पट्टे पडतात. १९७०-७१मध्ये ली आणि याम या संशोधकांनी दाखवलं की, हेअरी सेल ल्युकेमिया या दुर्मिळ आजारात पाचव्या क्रमांकाचा पट्टा ठळक येतो आणि टार्टरेट हे रसायन घातलं तरी त्याचं काम थांबत नाही. पुढे कित्येक वर्षं या आजाराचं निदान त्यावर होत असे. आता पेशींवरच्या आणि आतल्या खुणा फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रात पटापट मोजतात, त्यामुळे पट्टे पाडण्याची कला मागे पडली.

एलडीएच वाढलं म्हणजे कॅन्सर, असं मात्र अजिबात नाही. यकृत बिघडलं, स्नायूला मार लागला, इतकंच काय, रक्ताचा नमुना काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी ते वाढतं. ल्युकेमियाचं निदान झालेल्या माणसात ते आजाराचा भार किती आहे याचा अंदाज देतं, एवढंच.

## आजाराने स्वतःसाठी बदललेलं एन्झाइम

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हे याचं ठळक उदाहरण. १९६०मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३मध्ये जॅनेट राउली यांनी उलगडा केला की, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले असतात. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं एकमेकांना चिकटतात आणि त्यातून एक जोडएन्झाइम तयार होतं. ते टायरोसिन कायनेज गटातलं. दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवून ‘वाढा, दोन व्हा’ असा संदेश देणं हे त्याचं काम. मूळ एबीएल गरजेपुरतं चालू होतं आणि बंद होतं. हे जोडएन्झाइम बंदच होत नाही.

इमॅटिनिब ही गोळी या एन्झाइमच्या बरोबर त्या खाचेत बसते जिथे त्याला ऊर्जा पुरवणारा एटीपीचा रेणू बसायचा असतो. अमेरिकेत २००१मध्ये तिला मान्यता मिळाली. त्याआधी ज्या आजारात बोन मॅरो ट्रान्सप्लांट हाच खात्रीचा रस्ता मानत, तो रोजच्या गोळीवर आला. आपल्याकडे या गोळीच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नकार दिला. तेव्हापासून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त इमॅटिनिबवरची टांगती तलवार गेली. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला ही गोळी वर्षानुवर्षं घेणं परवडतं ते या स्वस्त गोळ्यांमुळेच.

मग टी३१५आय कुठून आलं? एन्झाइमच्या साखळीत ३१५व्या जागी थ्रिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. तिथे आयसोल्युसिन आलं, की त्या खाचेचा आकार बदलतो. थ्रिओनिनशी जुळणारा बंध नाहीसा होतो, वर आयसोल्युसिनचा फुगवटा आड येतो. गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, पेशीत पोचतेही, पण बसायला जागाच उरत नाही. इमॅटिनिबच काय, पुढच्या पिढीच्या डॅसॅटिनिब आणि निलोटिनिबचंही इथे चालत नाही. पोनॅटिनिब आणि अॅसिमिनिब या औषधांनी हा अडथळा पार करता येतो. अॅसिमिनिब तर एन्झाइमला दुसऱ्याच ठिकाणी जाऊन चिकटतं.

एक गोष्ट डॉक्टर सांगतात आणि घरचे ऐकून सोडून देतात. गोळीचा परिणाम कमी दिसला की प्रत्येक वेळी म्युटेशनच असतं असं नाही. बीसीआर-एबीएलचं प्रमाण तीन महिन्यांनी १० टक्क्यांवर किंवा त्याखाली, सहा महिन्यांनी १ टक्क्यावर, वर्षाने ०.१ टक्क्यापर्यंत यावं अशी अपेक्षा असते. ते येत नसेल तर पहिला प्रश्न असतो, गोळ्या रोज घेतल्या का? सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत राहून गेली, पाहुण्यांसमोर नको वाटलं, उलटी होते म्हणून एक दिवसाआड घेतली, या साध्या कारणांनी आकडे चढतात. ते तपासल्यावरच म्युटेशनच्या तपासणीचा खर्च करण्यात अर्थ आहे.

अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या काही रुग्णांत आयडीएच हे एन्झाइम बदललेलं सापडतं. २००९पासून हे माहीत आहे. याचं वेगळेपण असं की, बदललेलं एन्झाइम नुसतं बिघडत नाही, ते २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा भलताच पदार्थ बनवू लागतं, आणि त्यामुळे पेशींची पुढची वाढच अडते. आयडीएच१ला आयव्होसिडेनिब, आयडीएच२ला एनासिडेनिब अशी नेमकी औषधं निघाली आहेत.

या सगळ्यांबाबत ‘धाकट्यालाही होणार का?’ याचं उत्तर नाही असं आहे. हे बदल आजारी पेशींचे आहेत. ल्युकेमियाकडे कल असलेली घराणी असतात, पण ती दुर्मिळ, आणि त्यांत गुंतलेली जनुकं वेगळी.

## माणसाबरोबर जन्मलेला बदल

आता बालरुग्णांकडे येऊ, कारण लहान मुलांच्या अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे एएलएलमध्ये, हा विषय रोजच्या औषधाशी येऊन भिडतो.

सुरुवातीचे कडक महिने संपले की मेंटेनन्स सुरू होतो. दीड-दोन वर्षं रोज एक गोळी: सहा-मर्कॅप्टोप्युरिन, बोलण्यात सिक्स-एमपी. ती गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी तयार केली, १९५३मध्ये वापरात आली, आणि औषधं शोधण्याच्या त्यांच्या पद्धतीसाठी दोघांना १९८८मध्ये नोबेल मिळालं. सत्तर वर्षांनीही एएलएलच्या मुलांना तीच गोळी देतात.

ही गोळी जशी आहे तशी काम करत नाही. पेशीत तिचं रूपांतर थायोग्वानिनच्या रेणूंत होतं, ते डीएनएत शिरतात आणि वाढणाऱ्या पेशी मरतात. शरीर त्याच वेळी औषध निकामी करत असतं. टीपीएमटी हे एन्झाइम गोळीला वेगळ्या वाटेने नेऊन सक्रिय रूप कमी बनू देतं, आणि एनयूडीटी१५ हे तयार झालेलं सक्रिय रूप मोडतं. यांपैकी एखादं जन्मतःच संथ असेल, तर नेहमीच्या डोसमध्ये आत साचणारं सक्रिय औषध कितीतरी जास्त होतं. कॅन्सरच्या पेशींबरोबर चांगल्या पेशीही जातात आणि काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, कोसळतात.

१९८०मध्ये मेयो क्लिनिकच्या रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी टीपीएमटीचं काम मोजलं, तेव्हा युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दहातल्या एकाचं एन्झाइम मध्यम आणि तीनशेतल्या एकाचं जवळपास बंद निघालं. बरीच वर्षं जगभरची पुस्तकं हेच शिकवत होती. आशियातल्या मुलांचे काउंट मात्र टीपीएमटी ठणठणीत असूनही औषधाने कोसळत होते. कोडं सुटलं २०१४मध्ये, कोरियात, आणि तेही आतड्याच्या आजाराच्या रुग्णांमुळे. त्यांना याच गटातलं अॅझाथायोप्रिन दिलं होतं. काउंट पडलेल्यांमध्ये एनयूडीटी१५च्या १३९व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन सापडलं. पुढच्याच वर्षी ल्युकेमियाच्या मुलांतही तेच दिसलं. हा बदल पूर्व आणि दक्षिण आशियात बऱ्यापैकी आढळतो, युरोपात विरळ. म्हणून आपल्याकडे नुसती टीपीएमटीची तपासणी करून ‘नॉर्मल’ म्हणणं अपुरं आहे. माझ्या मते दोन्ही सोबतच मागावं, आणि एकच परवडत असेल तर भारतीय मुलासाठी एनयूडीटी१५ आधी.

रिपोर्टात ‘हेटरोझायगस’ म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली. अशांना सुरुवातीचा डोस थोडा कमी लागू शकतो. ‘होमोझायगस’ म्हणजे दोन्ही बदललेल्या, आणि तिथे फरक मोठा. २०१८च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार एनयूडीटी१५च्या दोन्ही प्रती बदललेल्या मुलात दर चौरस मीटरमागे नेहमीच्या ७५ मिलिग्रॅमऐवजी १० मिलिग्रॅमने सुरुवात करायची. टीपीएमटी पूर्ण बंद असेल तर डोस एक दशांश, तोही आठवड्यातून तीनदाच. हे आकडे घरी बसून गोळी तोडण्यासाठी नाहीत, फरक केवढा आहे ते कळावं म्हणून दिले.

## डोस कमी केला तर आजार परत येईल की!

ही भीती रास्त आहे आणि जवळपास प्रत्येक घरात असते. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला रोज पूर्ण गोळी आणि आपल्याला चतकोर, हे बघून आईच्या पोटात गोळा येतोच. पण आजारावर चालतं ते पेशीच्या आत तयार झालेलं सक्रिय औषध. ज्याचं एन्झाइम संथ आहे त्याच्यात चतकोर गोळीतूनही तेवढं औषध बनतं. उलट पूर्ण डोस दिला तर काउंट पडून गोळी आठवडेच्या आठवडे बंद ठेवावी लागते, आणि आजाराला मोकळीक मिळते ती तेव्हा.

## डॉक्टर रक्त बघून डोस बदलतातच, मग तपासणी कशाला?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. खरंच आहे: जिथे जनुकांची तपासणी होत नाही तिथेही दर आठवड्याला सीबीसी बघून हीच गोळी पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे, आणि मुलं बरी झाली आहेत. तपासणी झाली म्हणून सीबीसी थांबवता येत नाही, कारण काउंट पडण्याला इतरही कारणं असतात.

फरक पडतो तो सुरुवातीच्या काही आठवड्यांत. संथ एन्झाइमच्या मुलाचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५००च्या खाली गेले आणि त्याच रात्री ताप १००.४ फॅरनहाइटवर चढला, तर ती तातडीची वेळ असते. मोठ्या रुग्णालयाजवळ राहणाऱ्याला निभावता येतं. मंगळवेढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या आतल्या गावात, शेवटची एसटी गेल्यावर, तो ताप अंगावर निघतो. त्यामुळे रुग्णालयापासून जितकं लांब घर, तितकी ही तपासणी आधी झालेली बरी. आयुष्यात एकदाच करायची असते. सरकारी योजनेच्या पॅकेजात ती बसते का, हे मात्र भरती होतानाच विचारून घ्यावं.

## रक्त चढवलेलं असताना तपासणी चालते का?

टीपीएमटी दोन प्रकारांनी तपासतात. एकात एन्झाइमचं काम प्रत्यक्ष मोजतात, आणि गंमत म्हणजे ते तांबड्या पेशींत मोजतात, कारण तिथला आकडा इतर पेशींतल्या कामाशी जुळतो आणि नमुना सहज मिळतो. ल्युकेमियाच्या मुलाला मात्र वारंवार रक्त चढवलेलं असतं. मग मोजलं जातं ते रक्तदात्याचं एन्झाइम. मुलाचं एन्झाइम बंद असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी जनुकांची तपासणी जास्त भरवशाची, कारण ती पांढऱ्या पेशींतल्या डीएनएवर होते. नमुना शक्यतो आजार आटोक्यात आल्यावरचा घेतात, कारण ब्लास्टनी भरलेल्या रक्तात गुणसूत्रांची संख्याच कमी-जास्त झालेली असू शकते.

## एन्झाइमच्या गोळ्या मिळतात, त्या दिल्या तर?

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या त्या पचनाच्या. तोंडाने घेतलेलं एन्झाइम हे शेवटी प्रथिन, ते पोटात पचून जातं, बोन मॅरोपर्यंत पोचत नाही. एएलएलमध्ये एक एन्झाइम औषध म्हणून देतात खरं, अॅस्पॅराजिनेज, पण ते इंजेक्शनने. ते रक्तातलं अॅस्पॅराजिन संपवतं. बहुतेक पेशी ते स्वतः बनवू शकतात, ल्युकेमियाच्या लिम्फोब्लास्टना ते पुरेसं जमत नाही, म्हणून त्या उपाशी मरतात.

घरातल्या दुसऱ्या एका गोळीपासून मात्र सांभाळा. आजोबांच्या गाउटची अॅलोप्युरिनॉल झँथिन ऑक्सिडेज हे तिसरंच एन्झाइम अडवते. सिक्स-एमपी निकामी होण्याची आणखी एक वाट त्यातून जाते. ती बंद झाली की नेहमीचा डोस विषारी ठरतो. डॉक्टर काही वेळा या दोन्ही गोळ्या मुद्दाम एकत्र देतात, पण तेव्हा सिक्स-एमपी साधारण पाव ते एक तृतीयांशावर आणलेली असते.

## मग भावंडांची तपासणी करायची का?

एनयूडीटी१५ किंवा टीपीएमटीचा बदल धाकट्यात असू शकतो, कारण तो आईवडिलांकडून आलेला आहे. मुलाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर आई आणि वडील दोघांकडेही किमान एकेक आहेच, आणि सख्ख्या भावंडात तशाच दोन्ही उतरण्याची शक्यता निदान चारात एक. पण या बदलाने ल्युकेमिया होत नाही. औषध घेतलं नाही तर तो असल्याचं आयुष्यभर कळणारही नाही. घाईने तपासणी करायची गरज नसते. माहिती मात्र जपून ठेवावी, कारण अॅझाथायोप्रिन ल्युपसमध्ये, आतड्याच्या आजारांत आणि किडनी ट्रान्सप्लांटनंतरही देतात. घरातल्या कुणाला कधी ते लिहून दिलं, तर डॉक्टरांना हा रिपोर्ट पहिल्यांदा दाखवायचा.

रुग्णाचं पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, तर त्याच्या रक्तातल्या पेशी दात्याच्या होतात. त्यानंतर रक्ताच्या नमुन्यावर केलेली जनुकांची तपासणी दात्याचं उत्तर देते, आणि यकृत मात्र रुग्णाचं स्वतःचंच राहिलेलं असतं. म्हणून ट्रान्सप्लांटआधीचा कागद फाईलमधून काढून टाकू नये, आणि नवी तपासणी लिहून दिली की नमुना कशाचा घेणार हे तिथेच विचारावं.